भोक पडलं की नाही? व्होटोमॅटिक मतदान यंत्राचं परीक्षण

अमेरिकेत मतदान यंत्र म्हणजे सरकारने एकच नमुना ठरवून देशभर पाठवलेली वस्तू नव्हे. बहुतेक ठिकाणी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आपल्या खिशाप्रमाणे बाजारातून यंत्रं घेते, कंपन्यांचे विक्रेते दारात येतात, नमुने दाखवतात, सुट्या भागांचे दर सांगतात. त्यामुळे अमेरिकी मतदान यंत्राचं परीक्षण एखाद्या शिलाई मशीनसारखं करायला काहीच हरकत नाही. कसं चालतं, कुठे अडकतं, देखभालीला किती जड. आज वापरात नसलेलं, पण २००० साली बुश विरुद्ध गोर या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीचा निकाल ज्याच्यामुळे फ्लोरिडा राज्यात पाच आठवडे लटकला, ते व्होटोमॅटिक इथे घेतलं आहे. त्यात मतदार कार्डाला भोक पाडून मत देतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात ते आजही मिळतं. शाळा-कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवणारे आणि निवडणूक साहित्याचे संग्राहक ते घेतात.

निष्कर्ष आधीच सांगतो. मोजणाऱ्यासाठी हे यंत्र झकास होतं, मत देणाऱ्यासाठी नव्हतं. लोक भोक पाडताना सुटणाऱ्या कागदाच्या टिकलीला दोष देतात. माझ्या मते टिकली ही दुय्यम अडचण. खरी खोट ही की मतदाराने केलेली चूक हे यंत्र त्याला कधीच सांगत नाही.

आधी ते का आलं ते बघू, कारण त्याशिवाय त्याची रचना चमत्कारिक वाटते. अमेरिकी मतपत्रिका लांबलचक असते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी, राज्याचे अधिकारी, न्यायाधीश, शेरीफ, शाळा मंडळाचे सदस्य, शिवाय घटनादुरुस्त्या आणि कर्जरोख्यांवरचे प्रश्न, सगळं एकाच दिवशी. हाताने मोजायचं तर एकेक कागद वीस-पंचवीस वेळा वाचायचा. यावर पहिला तोडगा होता लिव्हर यंत्राचा. न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात १८९२ साली ते प्रथम वापरलं गेलं. पडदा ओढा, खटके दाबा, पडदा उघडा. उघडताना आतले आकडे एकाने पुढे सरकतात. एका पदासाठी दोन खटके दाबूच देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण वजन काहीशे किलो, किंमत भरपूर, ठेवायला गोदाम हवं आणि मागे कागद काहीच उरत नाही. आकडे फिरवणारं चाक ९९ वरून १०० वर जाताना अडलं, तर ती मतं कुठे गेली हे देवालाही सांगता येत नाही.

जोसेफ हॅरिस हे बर्कलीच्या विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. निवडणूक यंत्रणेचा अभ्यास त्यांनी १९३०च्या दशकापासून केलेला. आयबीएमने गोदामातल्या मालाची मोजदाद जागच्या जागी टिपण्यासाठी हाताने टोचायचं एक पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड, काढलं होतं. त्यात भोकांच्या जागा आधीच अर्धवट कापलेल्या असत. हॅरिसनी तीच कल्पना मतदानाला लावली. १९६४ मध्ये जॉर्जियातल्या फुल्टन आणि डिकाल्ब काउंट्यांनी हे यंत्र पहिल्यांदा वापरलं. १९६५ मध्ये आयबीएमने ते विकत घेतलं आणि १९६९ मध्ये हा धंदा सोडूनही दिला. निवडणुकीच्या वादात आपलं नाव नको, हा विचार त्यामागे होता. यंत्र मात्र इतर कंपन्यांनी चालू ठेवलं आणि पुढची तीस वर्षं ते फोफावलं. २००० साली देशातले सुमारे एक तृतीयांश मतदार पंचकार्डावर मत देत होते.

हातात घेतल्यावर पहिली छाप चांगलीच पडते. घडी केलं की सुटकेससारखं. उघडलं की चार पाय लागतात, बाजूला आडोशाचे पंख उभे राहतात, झालं मतदान केंद्र तयार. लिव्हर यंत्र हलवायला ट्रक आणि हमाल लागायचे. ही सुटकेस एका माणसाने एका हातात न्यावी. एका लिव्हर यंत्राच्या किमतीत अशी कितीतरी यंत्रं यायची, म्हणजे केंद्रावर रांगा कमी. काउंटीच्या खजिनदाराला आणखी काय हवं?

आता वापर. मतदाराला मिळतं ते नेहमीच्या पंचकार्डाच्या मापाचं कार्ड, १८.७ बाय ८.३ सेंटीमीटर, जाडी जेमतेम ०.१८ मिलिमीटर, वर फाडायचा पट्टा. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही. फक्त बारीक आकडे आणि आकड्यागणिक एक छोटा आयत. काही कार्डांवर असे ३१२. नावं असतात यंत्राला जोडलेल्या पुस्तिकेवर. कार्ड वरच्या फटीतून पूर्ण आत सरकवायचं आणि पट्ट्यावरची दोन भोकं यंत्राच्या दोन लाल खुंट्यांवर बसवायची. मग साखळीने बांधलेला टोच्या घ्यायचा, नावासमोरच्या बाणाच्या टोकाला असलेल्या भोकात उभा धरायचा, खाली दाबायचा. पान उलटलं की कार्डावरचा पुढचा उभा स्तंभ उघडा होतो. असं शेवटच्या पानापर्यंत. मग कार्ड काढायचं, उलटं करून मागे टिकल्या लोंबत नाहीत ना ते बघायचं, पाकिटात घालून पेटीत टाकायचं.

या एवढ्या कृतीत चुका कुठे होतात ते सावकाश बघू, कारण परीक्षणाचा गाभा इथेच आहे.

पहिली चूक कार्ड बसवण्याची. खुंट्यांवर नीट बसलं नाही तर आयत आणि वरच्या पत्र्यातलं भोक जुळत नाही; टोच्या आयताच्या मधोमध न पडता कडेला पडतो. तिथे कागद अखंड असतो, म्हणून भोक न पडता नुसता खळगा पडतो. काही मतदार तर कार्ड फटीत न घालता पुस्तिकेच्या वरच ठेवून टोचत. कार्डाखाली आधार नाही, ओळ जुळत नाही, आणि मतदाराला वाटतं की झालं.

दुसरी चूक टोच्या तिरका धरण्याची. आयत चार कोपऱ्यांवर अगदी बारीक धाग्यांनी धरलेला असतो. सरळ आणि पुरेशा जोराने दाबलं की चारही कोपरे एकदम सुटतात. तिरकं दाबलं की एका बाजूचे सुटतात, दुसऱ्या बाजूचे राहतात. याच टिकलीला इंग्रजीत चॅड म्हणतात आणि २००० च्या नोव्हेंबरात तिच्या जाती साऱ्या जगाला पाठ झाल्या. एकाच कोपऱ्यावर लटकली तर लोंबती, दोन कोपऱ्यांवर तर दारासारखी झुलती, तीन कोपरे धरून असतील तर तिकोनी, आणि चारही कोपरे शाबूत पण मधे फुगवटा आला असेल तर गाभण. हो, अधिकृत चर्चेत खरोखर हाच शब्द होता.

तिसरी भानगड कार्डाच्या खाली, मतदाराला न दिसणारी. कार्डाखाली रबराच्या उभ्या पट्ट्या असतात. टोच्या दोन पट्ट्यांच्या फटीतून खाली जातो, टिकलीला घेऊन. वर येताना पट्ट्या टिकलीला अडवतात आणि ती खालच्या कप्प्यात पडते. रबर नवं आणि मऊ असेल तोवर हे सुरेख चालतं. पण रबर वर्षानुवर्षं गोदामात पडून कडक होतं. कप्पा वेळच्या वेळी रिकामा केला नाही तर टिकल्यांचा ढीग खालून वर येतो. कडक रबर किंवा टिकल्यांचा ढीग, दोन्हींचा परिणाम एकच: टोच्या पूर्ण खाली जात नाही. सर्वांत जास्त टोचला जातो पहिला स्तंभ, जिथे राष्ट्राध्यक्षाचे उमेदवार असतात. म्हणजे बिघाडही तिथेच आधी व्हायला हवा, असा युक्तिवाद २००० च्या निकालावरच्या फ्लोरिडातल्या खटल्यात गोर यांच्या बाजूने झाला. समोरच्या बाजूचं म्हणणं, टिकल्या साचून टोच्या अडण्याइतका ढीग क्वचितच होतो. हे दुसरं म्हणणं मांडायला आलेले साक्षीदार जॉन अहमान हे या यंत्राच्या सुधारणांवर काम केलेले गृहस्थ. उलटतपासणीत त्यांनीच कबूल केलं की फारच अटीतटीच्या निवडणुकीत हाताने फेरमोजणी करणं योग्य. आपल्याच मालाबद्दल इतकी प्रांजळ साक्ष विरळा.

चौथी अडचण मोजणीच्या खोलीतली. कार्डवाचक मिनिटाला शेकडो कार्डं ओढतो, आणि प्रकाश आरपार गेला तरच भोक मानतो. लोंबती टिकली परत भोकावर बसली तर ते मत नाही. पुढच्या फेरीत ती गळून पडली तर ते मत आहे. म्हणजे तीच कार्डं, तेच यंत्र, दोन फेऱ्या, दोन निकाल. म्हणून अनुभवी कर्मचारी गठ्ठा वाचकात घालण्याआधी पत्त्यांसारखा फुलवतात, टेबलावर आपटून सारखा करतात, मागून बोटं फिरवून लोंबत्या टिकल्या झाडतात. मतपत्रिकेवर हात फिरवून ती स्वच्छ करणं हा मोजणीच्या पद्धतीचाच भाग झाला होता, हे वाचून कोणाही निवडणूक अधिकाऱ्याच्या अंगावर काटा यावा. दमट हवेत कार्डं फुगून वाचकात अडकतात, ते वेगळंच.

हे सगळं २००० पूर्वी माहीत नव्हतं असं अजिबात नाही. अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेतल्या रॉय सॉल्टमन यांनी १९८८ मध्ये अर्धवट कापलेल्या पंचकार्डांचा वापर बंद करा अशी स्पष्ट शिफारस केली होती. पण काउंट्यांकडे नवीन यंत्रांना पैसे नव्हते, आणि जिंकलेला उमेदवार यंत्राबद्दल कशाला तक्रार करेल?

फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीतली मतपत्रिका मुद्दाम जवळून बघण्यासारखी आहे, कारण तिथे यंत्र धड असूनही मतं वाया गेली. राज्यात मतपत्रिकेवर येण्याच्या अटी १९९८ मध्ये सैल झाल्या होत्या, त्यामुळे २००० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी दहा उमेदवार. काउंटीत वृद्ध मतदार खूप. अक्षर मोठं ठेवायचं तर दहा नावं एका पानावर मावत नाहीत. म्हणून काउंटीच्या निवडणूक पर्यवेक्षकांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली आणि भोकांची एकच रांग मधे ठेवली; फुलपाखराच्या दोन पंखांमधल्या अंगासारखी. डावीकडे पहिलं नाव रिपब्लिकन पक्षाचे बुश, भोक क्रमांक ३. डावीकडे दुसरं नाव डेमोक्रॅटिक पक्षाचे गोर. पण भोकांच्या रांगेत दुसरं भोक, क्रमांक ४, उजवीकडच्या पानावरच्या ब्युकॅनन या छोट्या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवाराचं. गोर यांचं भोक तिसरं, क्रमांक ५. डाव्या पानावर दुसरं नाव बघून दुसरं भोक टोचलं की मत ब्युकॅननना.

ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०० च्या वर मतं पडली, आणि ती गोरसमर्थक ज्यू वस्तीतही दिसली; ती आपली नसावीत असं स्वतः ब्युकॅननच म्हणाले. पण त्याहून मोठा आकडा दुसरा. १९ हजारांवर कार्डांवर राष्ट्राध्यक्षासाठी एकापेक्षा जास्त भोकं होती, म्हणजे सरळ बाद. त्यांत सर्वांत जास्त जोडी गोर आणि ब्युकॅनन यांची, पाच हजारांवर. काहींनी चुकून ४ टोचलं, मग चूक लक्षात आल्यावर ५ ही टोचलं. आपल्याकडे शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की निर्णय अधिकाऱ्याने घ्यायचा. इथे तसा प्रश्नच नाही, दोन भोकं म्हणजे शून्य. डुव्हाल काउंटीत तर उमेदवारांची यादी एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली होती आणि नमुना मतपत्रिकेत प्रत्येक पानावर मत द्या अशी सूचना. लोकांनी दिलं. सुमारे २२ हजार मतं बाद.

संपूर्ण राज्यात बाद धरलेल्या मतपत्रिका साधारण पावणेदोन लाख. त्यांत ज्यांवर काहीच वाचता आलं नाही अशा ६१ हजारांच्या आसपास. एकापेक्षा जास्त खुणा असलेल्या १ लाख १३ हजारांवर. टीव्हीवर दिवसरात्र भिंगातून टिकल्या बघणारे न्यायाधीश दाखवले, पण निम्म्याहून अधिक नुकसान टिकलीचं नव्हतंच. आणखी एक आकडा यंत्र खरेदी करणाऱ्यांनी पाठ करावा असा: फ्लोरिडात ज्या काउंट्यांत पेनाने रंगवायची मतपत्रिका केंद्रावरच स्कॅनरमध्ये घालत, तिथे बाद मतं १ टक्क्याच्या आत. पंचकार्डाच्या काउंट्यांत सुमारे ४ टक्के. आणि तीच पेनाची मतपत्रिका नंतर मध्यवर्ती ठिकाणी नेऊन स्कॅन करत तिथे पंचकार्डाहूनही जास्त. म्हणजे फरक भोकाचा आणि शाईचा नाही. केंद्रावरचा स्कॅनर दोन खुणा दिसल्या की कागद परत फेकतो, मतदार नवा कागद घेतो. व्होटोमॅटिकमध्ये कार्ड पेटीत पडलं की पडलं.

निकालाचा ताळा असा. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे. अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक म्हणून कायद्याने यंत्रांची फेरमोजणी झाली आणि फरक ३२७ वर आला. परदेशातून आलेली टपाली मतं आणि काही काउंट्यांतली हातमोजणी धरून शेवटी जाहीर झालेला फरक ५३७, सुमारे ६० लाख मतांत. हातमोजणीत मोठा घोळ निकषाचा झाला. पाम बीचमध्ये १९९० चा नियम होता की चारही कोपरे धरून असलेली टिकली मोजायची नाही. मोजणीच्या मधेच नियम बदलून, प्रकाश दिसला तर मत धरायचं ठरलं. मग पुन्हा जुना नियम. मग ठोस नियम असा काहीच नाही. १२ डिसेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवताना नेमका हाच मासला दिला. यंत्र विकताना सोबत निकषाची पुस्तिका दिली असती तर हा भाग तरी टळला असता. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला निकाल ४८ मतांवर आला तेव्हा तणाव काही कमी नव्हता, पण ईव्हीएमवर पडलेलं मत मत आहे का, हा प्रश्न तिथे नव्हता.

फ्लोरिडाने २००१ मध्ये पंचकार्डांवर बंदी घातली. २००२ च्या केंद्रीय कायद्याने पंचकार्ड आणि लिव्हर यंत्रं बदलण्यासाठी पैसे दिले, मतदान केंद्रामागे ४,००० डॉलरपर्यंत. तरी ओहायोत २००४ ला बहुतांश काउंट्या पंचकार्डावरच होत्या, आणि तिथे एक नवाच दोष दिसला. समानतेसाठी उमेदवारांचा क्रम केंद्रागणिक फिरवतात. कार्डावर नावं नाहीत. एकाच सभागृहात दोन केंद्रं शेजारी. मतदाराने रांग टाळायला शेजारच्या यंत्रावर टोचलं की त्याचं मत भलत्याच उमेदवाराच्या नावे जमा. शेवटचा वापर आयडाहोतल्या दोन काउंट्यांत, २०१४ ला.

व्होटोमॅटिकच्या जोडीला डेटाव्होट नावाचं दुसरं पंचकार्डही होतं, आणि तुलनेत मला ते बरंच उजवं वाटतं. त्याच्या कार्डावर उमेदवारांची नावं छापलेली असतात आणि भोक पाडायला स्टेपलरसारखा खटका. तो अखंड कागद कापतो, त्यामुळे अर्धवट टिकलीचा प्रश्न जवळजवळ नाही. तोटा असा की नावं छापायची म्हणजे जागा लागते. लांब मतपत्रिकेला दोन-तीन कार्डं, आणि छपाईचा खर्च. फ्लोरिडाच्या २४ पंचकार्ड काउंट्यांपैकी १५ नी व्होटोमॅटिक घेतलं, ९ नी डेटाव्होट. स्वस्त ते घेतलं, एवढंच.

संग्रहासाठी घेणार असाल तर चार गोष्टी तपासा. टोच्या मूळचा आहे का. बरेचदा तो हरवलेला असतो आणि विक्रेते कुठलीही सळई जोडतात. लाल खुंट्या दोन्ही शाबूत आहेत का. रबरी पट्ट्यांवर नख दाबून बघा, दबल्या पाहिजेत. दगडासारख्या असतील तर वर्गात दाखवण्यापुरतंच यंत्र समजा. पुस्तिका मूळ निवडणुकीची असेल तर किंमत बरीच वाढते, आणि पाम बीचची म्हणून विकली जाणारी प्रत्येक सुटकेस पाम बीचची नसते. उमेदवारांची नावं आणि भोकांचे क्रमांक जुळवून मगच पैसे द्या. कोरी सराव कार्डं सोबत मागून घ्या, पन्नास तरी. विद्यार्थ्यांना आधी सरळ, मग तिरकं, मग खालचा कप्पा कागदाने भरून टोचायला लावा आणि कार्ड खिडकीकडे धरून दाखवा. खालचा कप्पा उघडल्यावर जुन्या टिकल्या सांडल्या तर झाडून टाकू नका. छोट्या डबीत भरून यंत्राबरोबरच ठेवा, पुढचा ग्राहक आधी त्याच विचारतो.